एका कपात कुणाचं किती?

आजचा भाग जरा लांब फिरून येणार आहे. वसमतच्या मोंढ्यातून निघायचं, जावा बेटावर जायचं, कारंजाच्या कापूस बाजारात थांबायचं, मुंबईत चर्चगेटला कॉफी प्यायची, मेक्सिकोचे डोंगर चढायचे आणि परत आमच्या हळदीच्या वावरात यायचं. ऐकण्यापेक्षा वाचायला आवडणाऱ्यांसाठी नेहमीप्रमाणे भाग लिहून काढलाय. बोलले तसंच ठेवलंय, तेवढं सांभाळून घ्या.

तर गोष्ट सुरू होते पुण्यातल्या एका कॅफेत. मी मूळची वसमत तालुक्यातली, जिल्हा हिंगोली. नोकरी पुण्यात. मार्च महिना होता, मैत्रिणीची वाट बघत बसले होते. समोरच्या फळ्यावर लिहिलं होतं, ‘हळद लाटे, २४०’. म्हणजे आपलं हळदीचं दूध हो! लहानपणी खोकला झाला की आई नाक दाबून पाजायची, तेच. तेवढ्यात बाबांचा फोन आला. ते मोंढ्यात होते, हळद घेऊन गेलेले.

“काय भाव निघाला बाबा?”

“तेरा हजारानं गेली बग कांडी. हमाली, तोलाई गेली त्यातून. बरं हाय म्हणायचं. तू काय करायलीस?”

काय सांगणार? क्विंटलला तेरा हजार म्हणजे किलोला एकशे तीस. एका कपात चमचाभर हळद, फार तर तीन ग्रॅम. मोबाइलवर हिशोब केला. एकोणचाळीस पैसे. दोनशे चाळीस रुपयांच्या कपात नऊ महिने वावरात राबणाऱ्या माणसाचे एकोणचाळीस पैसे. आता दुकानाचं भाडं, दूध, पगार, वीज हे सगळं मला कळतं. कॅफेवाला चोर आहे असं मी म्हणत नाही. पण तो आकडा काही डोक्यातून गेला नाही.

मी साधी कॉफी मागवली. आणि मग लक्षात आलं, की या टेबलावर मी पलीकडच्या बाजूला बसलेय. हळदीच्या बाबतीत मी पिकवणाऱ्याची लेक. कॉफीच्या बाबतीत मी पिणारी. मग काउंटरवरच्या पोराला विचारलं, “दादा, ही कॉफी कुठली आहे?” तो म्हणाला, “मॅडम, मशीनची.”

हसू आलं, पण त्याची तरी काय चूक? त्याला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. ‘कुठली, कुणाची, त्याला किती मिळाले’ हे प्रश्न माणसांनी विचारायला कधी आणि कसे सुरू केले, तीच आजची गोष्ट.

बिया इथल्या, सक्ती तिथली

भारतात कॉफी कशी आली ही कथा बहुतेकांना माहीत असते. सतराव्या शतकात बाबा बुडन नावाचे सूफी संत हजहून परतताना येमेनमधून सात बिया लपवून घेऊन आले आणि चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या, अशी परंपरेनं सांगितलेली कथा. पुढचा भाग मात्र कमी लोक सांगतात. डच ईस्ट इंडिया कंपनीनं १६९६ मध्ये आपल्या मलबार किनाऱ्यावरून कॉफीची रोपं जावा बेटावर पाठवली. ती पुरात गेली, म्हणून १६९९ मध्ये पुन्हा पाठवली. ती जगली. आज कॉम्प्युटरवाल्यांनाही माहीत असलेला ‘जावा’ हा शब्द कॉफीला चिकटला, त्याच्या मुळाशी हिंदुस्थानातून गेलेली रोपं आहेत.

जावात कॉफी फोफावली आणि शेतकरी पिचला. १८३० पासून डच सरकारनं तिथं एक पद्धत लावली. कागदावर नियम असा, की गावानं आपल्या जमिनीचा पाचवा हिस्सा सरकार सांगेल त्या पिकासाठी द्यायचा. कॉफी, ऊस, नीळ. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी जमीन आणि श्रम दोन्ही त्याहून जास्त ओढले गेले. भाव सरकार ठरवणार, माल सरकार नेणार, आणि नफा हॉलंडला जाणार.

तिथं एडुअर्ड डाउवेस डेकर नावाचा एक डच अधिकारी होता. लेबाक भागात त्यानं रयतेची लूट पाहिली, वरच्यांकडे तक्रार केली, कुणी ऐकलं नाही, आणि १८५६ मध्ये त्यानं राजीनामा दिला. १८६० मध्ये त्यानं ‘मुल्तातुली’ या टोपणनावानं कादंबरी लिहिली. नाव ‘मॅक्स हावेलार’. त्यात ॲमस्टरडॅममधला एक कॉफीचा दलाल आहे. स्वतःला मोठा सज्जन समजणारा. त्याचा सगळा धंदा कॉफीवर, पण ती कुणाच्या घामावर येते याच्याशी त्याला देणंघेणं नाही. आणि दुसरीकडे जावातलं एक शेतकरी कुटुंब आहे, ज्याची म्हैस पुन्हा पुन्हा हिसकावून नेली जाते.

आपल्याकडे साधारण वीसेक वर्षांनी, १८८३ मध्ये, महात्मा फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून पूर्ण केला. दोघांनी एकमेकांचं काही वाचलं असेल असं नाही. पण शेतकरी नागवला जातो तो एका दुष्ट माणसामुळे नाही, तर कागद, कचेरी आणि बाजार यांच्या साखळीमुळे, हे दोघांनाही दिसलं होतं. ‘हावेलार’ हे नाव लक्षात ठेवा. पुढे परत येणार आहे.

कारंजाचा काटा

आता आपल्या शेजारी या. हिंगोलीहून वाशीम, आणि तिथून पुढे कारंजा. कारंजा लाड. आज ते वाशीम जिल्ह्यात आहे. एकोणिसाव्या शतकात हा सगळा वऱ्हाड कागदोपत्री निजामाचा, पण १८५३ पासून कारभार इंग्रजांकडे. हिंगोली मात्र सरळ निजामाच्या राज्यात. आणि वऱ्हाड म्हणजे कापूस. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे तिकडचा कापूस बंद झाला, तेव्हा मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर इकडे वळलेली.

तेव्हा भाव ठरायचा कसा? जुन्या बाजारांत दलाल आणि व्यापारी रुमालाखाली हात घालून बोटं दाबायचे. मालाचा मालक शेजारी उभा, आणि त्याच्या मालाचा भाव फडक्याखाली! तोलणारा व्यापाऱ्याचा, वजनं व्यापाऱ्याची. वर कडता, धर्मादाय, अमुक तमुक म्हणून कपात.

१८८६ मध्ये हैदराबाद रेसिडेन्सीच्या आदेशानं कारंजाला भारतातला पहिला नियमन केलेला शेतमाल बाजार सुरू झाला. कापसाचा. १८९७ मध्ये वऱ्हाडसाठी कापूस आणि धान्य बाजारांचा कायदाच आला. ठरलेली जागा, तपासलेली वजनं, परवाना घेतलेले दलाल आणि तोलणारे. आज आपण ज्याला बाजार समिती म्हणतो, तिचं हे मूळ. महाराष्ट्राचा आजचा बाजार समिती कायदा १९६३ चा.

पण हे इंग्रजांनी शेतकऱ्याच्या कळवळ्यानं केलं नव्हतं. त्यांना गिरण्यांसाठी चांगला, भेसळ नसलेला कापूस वेळेवर हवा होता. आणि त्या बाजारांच्या समित्यांवर बसले होते मुख्यतः व्यापारी. पिकवणाऱ्याला तिथं जागा नाही हा मोठा दोष आहे, असं पुढे १९२८ मध्ये शेतीविषयक रॉयल कमिशननंही दाखवून दिलं. म्हणजे काटा नीट झाला, पण काट्यावर लक्ष ठेवणारा शेतकरी नव्हता. हे वाक्य मी माझ्या वहीत अधोरेखित करून ठेवलंय, कारण पुढच्या प्रत्येक गोष्टीत तोच प्रश्न येतो. समितीवर कोण बसलंय?

चर्चगेटची कॉफी

आता मुंबई. १९३० च्या आसपास जगभर मंदी आली आणि कॉफीचे भाव कोसळले. दक्षिणेतल्या मळ्यांचा माल खपेना. १९३५ मध्ये कॉफीवर उपकर बसवून एक समिती नेमली गेली. तिचं काम देशातच कॉफी पिणारे तयार करायचं. १९३६ मध्ये या समितीनं पहिलं इंडिया कॉफी हाऊस उघडलं, तेही आपल्या मुंबईत, चर्चगेटला. विचार करा, चहा पिणाऱ्या मुलखात पिकवणाऱ्यांच्या पैशातून कॉफीची दुकानं!

मग दुसरं महायुद्ध. युरोपची बाजारपेठ बंद. १९४२ च्या कायद्यानं कॉफी बोर्डाची ‘पूल’ पद्धत आली. सगळ्यांनी आपली कॉफी बोर्डाकडे द्यायची, बोर्ड एकत्र विकणार, आणि दर्जाप्रमाणे पैसे हप्त्याहप्त्यानं देणार. छोट्या बागायतदाराला दारोदार फिरायची गरज उरली नाही. पण पैसे मिळायला उशीर व्हायचा, आणि चांगला माल वेगळा विकायची मुभा नव्हती. १९९० च्या दशकात ही सक्ती टप्प्याटप्प्यानं गेली आणि १९९६ पर्यंत बाजार पूर्ण मोकळा झाला. काहींना त्याचा फायदा झाला. पण छोटा माणूस पुन्हा एकटा उभा राहिला.

मला यात सगळ्यात आवडते ती १९५७ ची गोष्ट. बोर्डानं कॉफी हाऊस बंद करायला घेतली. वाढपी, आचारी, झाडूवाले, सगळ्यांच्या नोकऱ्या जाणार. तेव्हा कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांनी त्यांना सुचवलं, की तुम्हीच सहकारी संस्था काढा आणि ही दुकानं चालवा. ऑगस्ट १९५७ मध्ये बंगळूरला पहिली संस्था झाली, आणि ऑक्टोबरमध्ये दिल्लीत कामगारांच्या मालकीचं पहिलं कॉफी हाऊस सुरू झालं. ‘इंडिया’चं ‘इंडियन’ कॉफी हाऊस झालं ते तेव्हा. पांढरा फेटा बांधून तुमच्यासमोर कप ठेवणारा माणूस त्या दुकानाचा भागीदार असतो. मदत नाही, भीक नाही. मालकी.

कादंबरीतलं नाव पाकिटावर

आता मेक्सिको. वाहाका नावाच्या राज्यात डोंगरात राहणारे आदिवासी कॉफी शेतकरी. तिथं गावोगाव येणाऱ्या दलालांना लोक ‘कोयोटे’ म्हणतात, म्हणजे आपल्या कोल्ह्याचा भाऊबंद. वजनात मारायचा, भावात मारायचा, आणि अडीनडीला कर्ज देऊन पुढच्या वर्षीचाही माल बांधून घ्यायचा. ओळखीचं वाटलं ना?

१९८० च्या दशकाच्या सुरुवातीला या शेतकऱ्यांनी ‘उसिरी’ नावाची आपली संघटना काढली. त्यांच्यासोबत फ्रान्स व्हान डर हॉफ नावाचे एक डच पाद्री काम करत होते. शेतकऱ्यांचं म्हणणं साधं होतं. तुमच्या देणग्या नकोत, आमच्या कॉफीला नीट भाव द्या. व्हान डर हॉफ आणि हॉलंडमधले निको रोझेन यांनी मिळून एक युक्ती काढली. वेगळं दुकान नको. नेहमीच्या किराणा दुकानातल्या पाकिटावरच एक शिक्का मारायचा, की ही कॉफी ठरलेल्या किमान भावानं, शेतकऱ्यांच्या संस्थेकडून घेतली आहे.

नोव्हेंबर १९८८ मध्ये हा शिक्का बाजारात आला. आणि त्याचं नाव ठेवलं ‘मॅक्स हावेलार’! ज्या देशानं जावात सक्तीची कॉफी पिकवून घेतली, त्याच देशात, त्याच कादंबरीचं नाव, १२८ वर्षांनी कॉफीच्या पाकिटावर. यालाच पुढे जगभर ‘फेअरट्रेड’ म्हणू लागले.

वेळही अशी, की पुढच्याच वर्षी, जुलै १९८९ मध्ये, देशादेशांमध्ये कॉफीचा कोटा ठरवणारा आंतरराष्ट्रीय करार मोडला आणि भाव धाडकन कोसळले. २००१ च्या सुमारास तर ते पौंडाला ५० सेंटच्याही खाली गेले. अशा वेळी किमान भावाचा अर्थ कळतो.

नियम थोडक्यात सांगते. धुतलेल्या अरेबिका कॉफीला २०२३ मध्ये पौंडामागे १.८० डॉलर हा किमान भाव ठरला. बाजार त्याच्या वर असेल तर बाजारभाव. त्याशिवाय पौंडामागे २० सेंट जादा, आणि ते संस्थेच्या खात्यात. शाळा, गोदाम, वाळवायचा ओटा, काय करायचं ते सभासद मतदानानं ठरवतात. संस्थेनं मागितली तर सौद्याच्या ६० टक्क्यांपर्यंत उचलही मिळते.

माझा कपाचा हिशोब इथंही केला. एका कपाला साधारण १८ ग्रॅम कच्ची कॉफी धरली आणि डॉलर ८५ रुपयांना, तर किमान भावानं कपामागे सहा रुपये. वरचा जादा पैसा साठ-सत्तर पैसे. म्हणजे दोनशे रुपयांच्या कपात हा ‘न्याय’ महागडा नाहीच. तो न देण्याचं कारण पैसा नाही, सवय आहे.

शिक्क्याच्या मागे काय?

पण थांबा. शिक्का बघितला आणि डोळे मिटले, असं करू नका. तपासणीचा खर्च छोट्या संस्थांना जड जातो. संस्थेचा सगळाच माल त्या शिक्क्याखाली विकला जात नाही, कारण तेवढं गिऱ्हाईक नसतं. आणि बाजार उसळला, जसा २०२५ च्या फेब्रुवारीत पौंडाला ४ डॉलरच्या वर गेला, की किमान भाव नुसता कागदावर राहतो.

सगळ्यात बोचणारी गोष्ट वेगळीच आहे. २०१४ मध्ये लंडनच्या सोआस या विद्यापीठातल्या संशोधकांनी इथिओपिया आणि युगांडाचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांना दिसलं, की शिक्का असलेल्या भागांत मजुरीनं राबणाऱ्यांची, त्यातही बायकांची, स्थिती चांगली नव्हती. बिनशिक्क्याच्या भागांपेक्षा मजुरी बऱ्याचदा कमीच होती. शेतकऱ्याला भाव मिळाला म्हणून त्याच्या वावरातल्या मजुराला आपोआप मिळत नाही.

हे वाचलं तेव्हा मी वसमतलाच होते, आणि समोर आमचीच हळद मोडायचं काम चाललेलं.

सांगते. हळद काढली की कांडी वेगळी करायची, गड्डा वेगळा, माती झाडायची. हे काम बायकांचं. मग शिजवायची, वाळवायची, ड्रममध्ये पॉलिश करायची. त्या दिवशी आमच्याकडे नऊ जणी होत्या. रोज तीनशे. कुकरवरच्या गड्याला पाचशे. मी आईला विचारलं, असं का? आई म्हणाली, “गावात तसाच रोज हाय. आपण एकट्यानं वाढवला तर भावकी बोलंल.” बाबा काही बोलले नाहीत. आणि पुण्यात बसून एकोणचाळीस पैशांवर चिडलेली मीसुद्धा गप्प झाले.

भावकी बोलंल. कॅफेवालाही हेच म्हणेल ना? बाजारात तसाच दर आहे, आपण एकट्यानं दिला तर कसं परवडंल?

रात्री जेवताना मी पुन्हा विषय काढला. बाबा म्हणाले, “सगळ्याईचा रोज एकदम वाढवणं झेपत नाही. पण भाव तेराच्या वर गेला, तर वरचं काहीतरी त्यांना देऊ.” मी म्हटलं, “हे तर फेअरट्रेडचं प्रीमियम झालं बाबा!” “कायबी म्हण,” ते म्हणाले, “पण ते किती आन कसं, ते त्यांनाच विचारून ठरवू.” त्या वर्षी सगळ्या मिळून ठरलं, की शेवटच्या दिवशी प्रत्येकीला दोन दिवसांचा जादा रोज. फार नाही. पण त्या नऊ जणींना कुणी पहिल्यांदाच विचारलं होतं.

मग आपण काय करायचं?

२०२४ मध्ये वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं. आंध्रातल्या अराकू खोऱ्यातल्या आदिवासी शेतकऱ्यांच्या कॉफीला ते २०१९ मध्येच मिळालंय. मानांकन म्हणजे नावाचं रक्षण. भावाची हमी नाही. नावाला भाव मिळतो तो नाव विचारणारं गिऱ्हाईक असेल तरच. आणि गिऱ्हाईक म्हणजे तुम्ही, मी.

म्हणून रोजच्या रोज जमेल असं सांगते. कॉफीचं पाकीट घेताना मागची बाजू वाचा. कुठल्या डोंगरातली, कुठल्या संस्थेची किंवा बागेची, हे लिहिलंय का? फेअरट्रेडचा शिक्का असेल तर उत्तम. काळ्या चौकटीत निळा-हिरवा, हात उंचावलेला माणूस. इन्स्टंट किंवा फिल्टर कॉफी घेत असाल तर चिकोरी किती टक्के आहे तेही बघा, ते छापणं बंधनकारक आहे. अर्धी चिकोरी पिऊन कॉफी शेतकऱ्याला पाठिंबा दिला असं होत नाही!

इंडियन कॉफी हाऊस असलेल्या शहरात गेलात तर एक कप तिथं प्या. चिखलदऱ्याला फिरायला गेलात तर तिथली कॉफी घ्या. महाराष्ट्रातही कॉफी पिकते, तिथे मेळघाटात. आणि तिथं भाव करत बसू नका.

कॉलेजच्या कँटीनमध्ये, ऑफिसच्या पॅन्ट्रीत, गणेश मंडळाच्या कार्यक्रमात कॉफी किंवा हळद कुठून येते, हे ठरवणारा एकच माणूस असतो. त्याला भेटा. एकट्यानं पाव किलो बदलण्यापेक्षा पन्नास जणांची खरेदी बदलणं सोपं असतं. आणि रील टाकणार असाल तर तुम्हाला खरं माहीत असलेलंच टाका. ‘शंभर टक्के नैतिक’ वगैरे शब्द पाकिटवाल्यांना वापरू द्या.

आणि ज्यांच्या घरी शेती आहे, माझ्यासारख्या, त्यांनी मोंढ्याची पट्टी वाचायला शिका. काय काय कापलं, कशासाठी कापलं, विचारा. गावात शेतकरी गट असेल तर बैठकीला जा, कारण कारंजापासून आजपर्यंत खरा प्रश्न एकच आहे, समितीवर कोण बसलंय. त्याच दिवशी संध्याकाळी आपल्या वावरातल्या मजुराचा रोजही त्याच डोळ्यांनी बघा.

त्या कॅफेत मी अजून जाते. प्रत्येक वेळी विचारायचे, “दादा, ही कॉफी कुठली?” पाचव्या-सहाव्या वेळी तो पोरगा मी तोंड उघडायच्या आत म्हणाला, “चिकमगळूर, मॅडम. मालकांना विचारून ठेवलंय.” मग जरा थांबून म्हणाला, “पण शेतकऱ्याला किती मिळतात ते त्यांनाही माहीत नाही.”

म्हटलं, चला, दुसरा प्रश्न आता त्याच्याही डोक्यात आलाय. हळदीचा लाटे कुठल्या हळदीचा, ते पुढच्या वेळी विचारणार आहे.

भेटूया पुढच्या भागात. तुमच्या गावच्या मालाची अशी गोष्ट असेल तर कळवा. काळजी घ्या!